जहाजांची लाकडं? पटत नाही

वर कुणी लिहिलंय की इंग्लंडमधल्या जुन्या कोठारांच्या तुळया मोडीत काढलेल्या जहाजांच्या असतात. कथा झकास, पण बहुतेक ठिकाणी खोटी. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला खेटून हार्मंड्सवर्थचं कोठार आहे, १४२६-२७ चं, विंचेस्टर कॉलेजने बांधवलेलं. लांबी ५८ मीटर, सांगाडा सगळा ओकचा. वाळलेला ओक दगडासारखा होतो, म्हणून सुतार तो ओला असतानाच घडवत आणि सांध्यांत लाकडी खुंट्या ठोकत. पुढे लाकूड वाळताना वाकतं, पिळवटतं, आणि लोकांना त्यात जहाज दिसतं! खांबांखाली दगडही आहेत, ओल चढू नये म्हणून. आपल्या वाड्यांतले तळखडेच की! उन्हाळ्यात मोजक्या रविवारी उघडं असतं, तारीख बघूनच जा.