सध्या कोणता अख्खा अल्बम ऐकताय? (सुटी गाणी नकोत)

पहाडी_धून:
मंडळी, हल्ली मी सुटी गाणी ऐकणं जवळपास बंद केलंय. अल्बम लावायचा तर पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये पुढे ढकलायचं नाही, शफल तर अजिबातच नाही. सध्या 'कॉल ऑफ द व्हॅली' चालू आहे. १९६७ चं रेकॉर्डिंग, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि तबल्याला माणिकराव पोपटकर. नाव सगळ्यांना माहीत असतं, त्यातला एखादा तुकडा कुठे ना कुठे कानावर पडलेला असतो, पण सलग ऐकलेले लोक मला फार कमी भेटलेत आणि याची सगळी मजा तर क्रमात आहे. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस अशी कल्पना धरून तो बांधलाय, म्हणून रागही दिवसाच्या क्रमाने येतात, पहाटेचा अहीर भैरव, मग नट भैरव, पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं. पहाडी आधी ऐकली तर ती नुसती गोड धून वाटते, देस संपून ती येते तेव्हा मात्र खरंच दिवस संपल्यासारखं वाटतं.

आणि तीन वाद्यांची निवड बघा ना. संतूरवर कलमाचा (तारांवर मारायच्या छोट्या लाकडी काडीचा) आघात झाला की सूर लगेच विरायला लागतो, बासरी श्वास पुरेल तोवर सूर धरून ठेवते, आणि काबरा गिटार आडवी ठेवून तारेवर धातूचा तुकडा सरकवत वाजवायचे त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, सगळी त्यांच्याकडे. एकाला जे जमत नाही ते दुसरा भरून काढतो. हे एकदा लक्षात आलं की कान आपोआप तिघांच्या मागे फिरायला लागतो.

तर तुम्ही काय ऐकताय ते सांगा. भाषेची, प्रकाराची अट नाही, फक्त अख्खा अल्बम हवा आणि का आवडला तेही लिहा, नुसतं नाव नको.

स्वरवेडी_नाशिक:
मस्त धागा! माझ्याकडे 'ऋतु हिरवा' चालू आहे, आशाताई आणि श्रीधर फडके. पावसाळा आला की हा लागतोच आमच्याकडे. शांताबाई शेळक्यांचं 'ऋतु हिरवा ऋतु बरवा', बोरकरांचं 'झिनि झिनि वाजे', नितीन आखव्यांचं 'फुलले रे क्षण माझे', म्हणजे कवी वेगवेगळे आहेत पण चालींचा स्वभाव एकच. आशाताईंचा आवाज म्हटलं की लोकांना चटकन हिंदी सिनेमातली गाणी आठवतात. इथे त्याच आवाजातला शांतपणा ऐका, हरकती आहेत पण कुठलीच दाखवायला घेतलेली नाही. 'फुलले रे' मध्ये तो 'रे' प्रत्येक वेळी जरा वेगळा सोडलाय, हेडफोन लावून ऐका म्हणजे कळेल. सुटं ऐकायचं म्हटलं तरी यातलं कुठलंही गाणं उभं राहतं, पण एकामागून एक ऐकलं की श्रीधरजींनी शब्दांना किती जपलंय ते दिसतं. एकही अक्षर चालीखाली दबत नाही.

लोकल_८_१२:
'कॉल ऑफ द व्हॅली' मलाही आवडतो पण थोडा वेगळा मुद्दा मांडतो. त्यात प्रत्येक रागाला वेळ फार कमी मिळतो, भूप जरा कुठे बसायला लागतो तोवर संपतो. ज्यांना तो भूप आवडला त्यांनी पुढची पायरी म्हणून किशोरीताई आमोणकरांनी गायलेला भूप ऐकायलाच हवा, आणि तोही पूर्ण. सगळे 'सहेला रे' एवढंच पाठवतात एकमेकांना, ती द्रुत म्हणजे जलद लयीतली बंदिश आहे, त्याच्या आधी विलंबितात, म्हणजे संथ लयीत, 'प्रथम सूर साधे' आहे ते गाळून टाकतात. अहो, तिथेच तर सगळं उभं राहिलंय! सा रे ग प ध, एवढेच पाच सूर, मध्यम (म) नाही निषाद (नि) नाही, आणि त्या पाचांत ताई एकेका जागेवर इतक्या थांबतात, गंधारावर (ग वर) येतात आणि पुन्हा मागे जातात, घाई म्हणून नाही कुठे. ते पंधरा-वीस मिनिटं ऐकून झाल्यावर 'सहेला रे' सुरू होतं तेव्हा त्या 'आ मिल गाएं' चा अर्थच बदलतो. त्यांचा बागेश्री रागसुद्धा असाच निवांत वेळ काढून ऐका. ट्रेनमध्ये ऐकू नका एवढीच विनंती, मी रात्री जेवणं झाली की ऐकतो.

पहाडी_धून:
@लोकल_८_१२ वेळ कमी मिळतो हे मान्य, पण ते ठरवून केलेलं आहे असं मला वाटतं. रागविस्तार हा त्या अल्बमचा हेतूच नव्हता, दिवसाची गोष्ट सांगायची होती. निर्माते कोण होते बघा, एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचे जी. एन. जोशी, 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे. भावगीत गाणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत एक अख्खं चित्र उभं करायची सवय असते, ती नजर मला यात दिसते. मात्र विलंबिताबद्दल शंभर टक्के बरोबर बोललात, आज रात्री लावतो. @स्वरवेडी_नाशिक ताई, तो 'रे' आत्ताच ऐकला, खरंच प्रत्येक वेळी वेगळा आहे!

इंदूरचा_मी:
इंदूरहून नमस्कार. पावसाचा विषय निघालाच आहे तर कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं 'गीतवर्षा' राहून कसं चालेल. देवास आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, माताजीच्या टेकडीखाली त्यांचं घर आहे, भानुकुल. क्षयामुळे १९४८ साली ते देवासला आले, काही वर्षं गाणं बंद होतं, आणि त्या आजारपणात आजूबाजूच्या बायका जी माळवी गाणी म्हणायच्या ती त्यांच्या कानात बसली. 'गीतवर्षा' मध्ये ते सगळं सापडतं. मल्हाराच्या, म्हणजे पावसाळी रागाच्या बंदिशी आणि माळव्याची लोकगीतं शेजारी शेजारी येतात आणि कुठे सांधा दिसत नाही, त्यांच्या पत्नी वसुंधराताईंची साथ आहे. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की काळ्या मातीचा जो चिखल होतो ना, बूट उचलत नाही असा, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना ही गाणी जास्त कळतील. ज्यांना कुमारजी म्हणजे फक्त निर्गुणी भजनं एवढंच माहीत आहे त्यांनी जरूर ऐका. आणि भजनंच हवी असतील तर 'त्रिवेणी' घ्या, कबीर, सूर, मीरा तिघंही आहेत.

तरफेची_तार:
काबरांच्या गिटारवरून आठवलं, सध्या माझ्याकडे 'अ मीटिंग बाय द रिव्हर' आहे. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर, १९९३ साली आला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाला. एकूण चारच तुकडे. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चर्चमध्ये रेकॉर्ड केलाय, आणि दोघांची ओळख त्याच्या जरा आधीच झालेली, तालमी वगैरे काही नाही! ते ऐकताना जाणवतं, पहिल्या तुकड्यात एकजण बोलतो आणि दुसरा चक्क थांबून ऐकतो. दोघंही तारेवर स्लाइड सरकवूनच वाजवतात, पण भट्टांच्या मोहनवीणेला (त्यांनी बदल करून घेतलेली गिटारच ती) तरफेच्या तारा आहेत, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, त्यामुळे त्यांचा सूर संपल्यावर मागे गुंजत राहतो, कूडरचा सूर मात्र कोरडा लाकडी येतो. डोळे मिटून कोण कुठला ते ओळखत बसायचं. तबल्याला सुखविंदर सिंग नामधारी आणि कूडरचा मुलगा जोआकिम डंबेक या अरबी ढोलकीवर, तो तेव्हा पोरसवदा होता. शेवटचा तुकडा 'ईसा लेई' म्हणजे फिजी बेटांवरचं निरोपाचं गाणं, त्यामुळे तो शेवटीच ऐका.

आणि एक कामाची गोष्ट, अ‍ॅपवर ऐकणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड (दोन गाणी एकमेकांत मिसळणं) आणि ऑटोप्ले दोन्ही बंद करा. क्रॉसफेड चालू असेल तर एक तुकडा संपायच्या आत दुसरा अंगावर येतो आणि तरफेचा गुंजारव कापला जातो, ऑटोप्लेमुळे अल्बम संपल्याक्षणी भलतंच काहीतरी वाजायला लागतं.

स्वरवेडी_नाशिक:
ऑटोप्ले लगेच बंद केलं, आभार! @इंदूरचा_मी दादा, 'गीतवर्षा' मधलं आधी काय ऐकू असं विचारणार होते पण या धाग्यावर ते चालायचं नाही, उद्या सकाळी पहिल्यापासूनच लावते.