मदत हवी आहे: सागवानी कोरीव मोराला कीड लागली आहे

नमस्कार मंडळी, आम्ही पंचवटीत राहतो. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने कोरलेला दोन फुटी सागवानी मोर हॉलच्या भिंतीवर आहे. यंदाच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि पिसाऱ्याच्या खाचांत पांढरी बुरशी धरली. उतरवून सावलीत सुकवला, मऊ टूथब्रशने बुरशी झाडली. पण चोचीपाशी टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं दिसली. खाली कागद ठेवला तर सकाळी त्यावर पिठासारखा भुसा! सागाला कीड लागत नाही म्हणतात, पण चोच नेमकी खोडाच्या बाहेरच्या भागातल्या पांढरट लाकडाची आहे, तिथेच लागली.

शेजारच्या काकू खोबरेल लावा म्हणतात. ते वाळत नाही, धूळ धरेल असं वाटतं. जवसाचं तेल वाळतं, त्याचा पातळ हात देऊ का? की आधी किडीचं औषध? परत टांगताना मागे किती फट ठेवावी?

एक पॉलिशवाले सगळं घासून नव्यासारखं करतो म्हणाले, मी नको म्हटलं. पटाशीच्या खुणांत बाबांचा हात दिसतो, त्या तशाच राहायला हव्यात.

नाशिकमध्ये जुन्या वाड्यांचं लाकूडकाम केलेले सुतार कोणाला माहीत असतील तर कृपया सांगा.