टॅकोमात जुन्या तांबे-कारखान्याजवळ घर घेत आहोत. परसातील माती कितपत स्वच्छ समजावी?

परसदार: नमस्कार. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहराच्या उत्तर भागात, रस्टनला लागून, आम्ही एक घर पसंत केले आहे. येथील असार्को कंपनीचा तांबे गाळण्याचा कारखाना १९८५ मध्ये बंद झाला. घराच्या कागदपत्रांत मातीतील आर्सेनिक ६४ पीपीएम (दहा लाख भागांत ६४ भाग) दाखवून पुढे ‘उपाययोजनेची गरज नाही’ असा शेरा आहे. राज्याची मर्यादा मात्र २० पीपीएम आहे. मग हा शेरा कोणत्या हिशेबाने दिला असावा? सासूबाईंना परसात मेथी-कोथिंबीर लावायची आहे आणि मुलगी दोन वर्षांची आहे, म्हणून विचारतो.

भट्टीवाला: गोंधळ होणारच, कारण येथे एक नव्हे, तीन आकडे चालतात. राज्याचा २० हा आकडा जमिनीत निसर्गतःच असणाऱ्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बेतलेला आहे. केंद्रीय पर्यावरण संस्थेने रस्टन परिसरात २३० च्या वरची माती उचलली, तर राज्याने घरांच्या अंगणांतील माती साफ करण्याच्या नंतरच्या योजनेत सरासरी १०० ही रेघ ठरवली. आपले ६४ या दोन्ही रेघांच्या खाली आहे, म्हणून तो शेरा. त्याचा अर्थ ‘माती निर्मळ आहे’ असा घेऊ नये. सगळीकडची माती २० पर्यंत आणणे शक्य नव्हते, कारण धुराड्यातून पडलेली राख एक हजार चौरस मैलांहून अधिक, म्हणजे मुंबईच्या चौपट प्रदेशावर पसरली आहे. कंपनीच्या दिवाळखोरीनंतर २००९ च्या तडजोडीत या कामासाठी राज्याला सुमारे साडेनऊ कोटी डॉलर मिळाले, आणि तेही पुरवून वापरायचे होते.

खाडीकाठ: कारखान्याच्या मूळ जागेबद्दल थोडे लिहितो. ५६२ फुटी धुराडे १७ जानेवारी १९९३ रोजी सुरुंगाने पाडले. पाडकामाचा राडारोडा आणि सर्वांत विषारी माती दूर कुठे नेलेली नाही; तिथेच अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरून वरून झाकली आहे. आज त्या आवारात घरे, दुकाने आणि फिरण्याचा रस्ता आहे. शेजारी पाण्यात घुसलेला जमिनीचा सुळका तर वितळलेली मळी (तांबे गाळल्यावर उरणारा टाकाऊ भाग) खाडीत ओतून तयार झाला, आणि त्यावर आता उद्यान आहे. ही मळी थंड झाली की काळी, काचेसारखी दिसते. (आमचा मुलगा तिला ज्वालामुखीचा दगड समजून खिशात घालून घरी घेऊन आला होता.)

रानभाजी: मी याच पट्ट्यात राहते. आर्सेनिक हवेतून पडलेले असल्यामुळे ते बहुधा वरच्या थरातच असते आणि कुजून किंवा विरून जात नाही. म्हणून मेथी जमिनीत न लावता उंच वाफ्यात, विकतच्या मातीत लावावी. पालेभाजीला चिकटलेली धूळ हाच मोठा धोका आहे, तेव्हा ती दोन-तीन पाण्यांतून काढावी. चपला दाराबाहेर ठेवण्याची आपली सवय इथे फार उपयोगी पडते. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. राज्याकडून मातीची तपासणी विनामूल्य होते का, हे विचारावे. शिवाय तक्त्यातील ६४ ही सरासरी आहे की एकाच नमुन्याचा आकडा, हेही पाहावे.

परसदार: सर्वांचे आभार. तक्ता पुन्हा पाहिला: ६४ ही सरासरीच निघाली. पागोळ्यांखालच्या नमुन्यात ११८ आहे, आणि सासूबाईंनी वाफ्यांसाठी नेमकी तीच जागा धरून ठेवली होती.