पाण्यातला कण आणि शेअरचा भाव, गणित एकच कसं काय?

रानवारा: एमएस्सी फिजिक्सला आहे. ब्राउनियन मोशन (पाण्यातल्या बारीक कणांची वेडीवाकडी थरथर) शिकवताना सर बोलून गेले की हेच गणित शेअर बाजारात आईनस्टाईनच्याही आधी वापरलं गेलं. खरंय का? आणि कणाला रेणू धडका देतात, मग भावाला कोण देतं?

पारिजात: खरंय. फ्रेंच गणितज्ञ लुई बाशेलिए, पॅरिस, १९०० सालचा प्रबंध. आईनस्टाईनचा पेपर १९०५ चा. भावाला धडका देतात खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी, इकडून एक तिकडून एक. मजा म्हणजे दोन्हीकडे वेळेचं वर्गमूळ येतं, चौपट वेळ दिलास तर कण साधारण दुप्पटच लांब जातो. आणि १९७३ चं ब्लॅक-शोल्स समीकरण (ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काची किंमत काढायचं), त्यात चल (व्हेरिएबल) बदलत गेलं की शेवटी चक्क उष्णतावहनाचं समीकरण उरतं, मी वहीत करून बघितलं तेव्हा रात्री झोपच आली नाही!! तू पण हातानेच कर, पाच-सहा ओळींचं काम आहे.

मुसाफिर: पण हे पूर्ण खरं धरू नका रे. गणितज्ञ मँडेलब्रॉटने १९६३ मध्येच कापसाच्या भावांवरून दाखवलं की मोठे झटके या गणितापेक्षा खूप जास्त वेळा येतात. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा शेअर निर्देशांक डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला, या गणितातल्या घंटेसारख्या वक्रात असल्या दिवसाला जागाच नाही. कण शेजारच्याकडे बघून घाबरत नाही, माणूस घाबरतो, सगळा फरक तिथे आहे.

रानवारा: हे भारी आहे. आज लॅबमध्ये दुधाचा थेंब पाणी घालून मायक्रोस्कोपखाली ठेवला होता, चरबीचे बारके गोळे नुसते थरथरत होते, अर्धा तास बघत बसलो. आता समीकरण घेतो सोडवायला, अडलो की इथेच विचारतो.