प्रश्न कसा विचारता त्यावर आहे

गॅलप या सर्वेक्षण संस्थेनुसार अमेरिकेत फाशीला १९९४ मध्ये ८० टक्के लोकांचा पाठिंबा होता, तो २०२४ मध्ये ५३ वर आला, म्हणजे लोक मवाळ झाले, असं म्हटलं जातं. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मला पटत नाही. त्याच गॅलपने २०१९ मध्ये पर्याय देऊन विचारलं: खुन्याला फाशी की पॅरोल नसलेली जन्मठेप? ६० टक्के लोकांनी जन्मठेप निवडली, फाशी फक्त ३६ टक्क्यांनी. माणूस पुन्हा बाहेर येणार नाही याची खात्री मिळाली, की बऱ्याच जणांचा फाशीचा आग्रह सुटतो.

हे मी कोल्हापुरात डोळ्यांनी पाहिलंय. १९९६ मध्ये गावित मायलेकींचं बालहत्याकांड उघडकीला आलं तेव्हा माझी आई एसटी स्टँडवर धाकट्या भावाचं मनगट लाल होईस्तोवर धरून ठेवायची. २००१ मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने त्यातल्या दोघी मुलींना फाशी सुनावली, तेव्हा आमच्या गल्लीत दुसरं मत असलेला एक माणूस नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. आता आई भडकणार असं मला वाटलं होतं. तिने पहिलं विचारलं, "सोडल्या न्हाईत न्हवं?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग ऱ्हाऊ देत आतच." फाशी हवी की नको, हे तिला तोवर कुणी असं विचारलंच नव्हतं.