पाण्याचा ताळेबंद: गावाला आधी एकत्र बसायला शिकवायचं की आधी नियम लावायचा?

गोदाकाठ (धागा सुरू)
मराठवाड्यात चर खोदले जातात, नाल्यातला गाळ निघतो. साठलेलं पाणी वाटायचं कसं, हे मात्र गावाला कुणी शिकवत नाही. मशीनच्या डिझेलवर जाणाऱ्या पैशातला थोडा वाटा या शिकवण्यावर खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

पहिलं शिक्षण विहीर मोजण्याचं. शिवाराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातल्या सहा-आठ विहिरी ठरवायच्या. काठावर रंगाने खूण करून दर वेळी तिथूनच टेप सोडायचा, तोही मोटर रात्रभर बंद असल्यावर पहाटे. उपसा चालू असताना पातळी खाली दिसते. असा आकडा गावातल्या फलकावर गेला की पुढची बैठक भांडणातच संपते.

मग ताळेबंद, म्हणजे पाणी आलं किती आणि वापरायचं किती याचा हिशेब. एका हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. 1,000 हेक्टर शिवारावर 700 मिमी पडला तर 70 लाख घनमीटर. आपल्या काळ्या पाषाणात त्यातलं मुरतं ढोबळमानाने 7 ते 13 टक्के, म्हणजे 5 ते 9 लाख. हा हिशेब हरभरा पेरायच्या आधी गावासमोर यायला हवा. पेरणी झाल्यावर मांडून काय करणार?

माळरान
असहमत. 2018 पासूनच्या पोकरा या हवामान-अनुकूल शेतीच्या सरकारी प्रकल्पात ताळेबंद झाले. केंद्राच्या अटल भूजल योजनेत जालना, लातूर, धाराशिव होते, तिथेही झाले. फलक रंगले आणि शेजारीच नवं बोअर पडलं. लोकांना कळत नाही असं नाही, थांबवणारं कुणी नाही. 2,000 वस्तीला माणशी रोज 55 लिटर धरा, वर्षाला 40 हजार घनमीटर होतात. मोकाट पाण्यावरचा दोन हेक्टर ऊस तेवढं पितो. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तरी ऊस हटला नाही. 2009 चा भूजल कायदा 60 मीटरपलीकडच्या विहिरींवर निर्बंध घालतो. तो आधी राबवा, प्रशिक्षणं नंतर.

कोरडवाहू
माळरान, बोअरची गाडी रात्रीत येऊन जाते, तिथे तलाठी उभा राहणार आहे का? शेजाऱ्यानेच हरकत घ्यायला हवी, आणि त्यासाठी शेजाऱ्यांत आधी करार हवा.

गोदाकाठ, तुमच्याशीही एक मतभेद आहे. हिशेब गावासमोर मांडायचा म्हणजे ग्रामसभेत, पण असा करार करायची ती जागा नव्हे. तिथे बागायतदार बोलतात; शेळ्या राखणारे आणि हंडा वाहणाऱ्या बाया गप्प बसतात. एका नाल्यावरच्या दहा-पंधरा विहिरींचा गट करा. बायांची बैठक वेगळी, त्यांच्या सवडीने घ्या. आणि नियम लिटरमध्ये करू नका. कुणी किती लिटर उपसलं हे बांधावरून दिसत नाही. किती एकर गहू, किती हरभरा, हे दिसतं.

गोदाकाठ
पिकाच्या क्षेत्रावर नियम करायचा, हे पटलं. शेततळ्याचाही नियम हवा. 30×30×3 मीटरच्या तळ्यात जवळपास 22 लाख लिटर मावतं. ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर ठीक. नोव्हेंबरात विहिरीतून उपसून भरलं की शेजाऱ्याचं रब्बीचं पाणी उघड्यावर ठेवून उन्हाने उडवल्यासारखं होतं.

माळरान, जालन्याचं कडवंची बघा. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी या अटी होत्या. नियम आणि सहकार्य तिथे एकत्रच आले.

माळरान
चराईबंदीचा भार ज्यांना जमीन नाही त्यांच्यावर पडतो, हेही लिहा. सगळी गायरानं एकदम बंद केली तर चोरून चराई होते. एक तृतीयांश बंद, बाकी खुली, कापून नेलेल्या चाऱ्यात भूमिहीनांचा वाटा आधी ठरलेला, एवढं हवंच. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. खोल बोअरवाला गटात आलाच नाही तर?

कोरडवाहू
त्याला फायदा दिसला तर येईल. गटातल्या विहिरी आणि बोअर एका पाइपलाइनला जोडायचे. पावसाने ताण दिला की सोयाबीन फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना सगळ्यांना एक संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाचवण्यापुरती एक पाळी, मग ज्याचं त्याचं. बदल्यात दहा वर्षं गटात नवं बोअर नाही. स्वतःचं बोअर आटलं तरी पीक जळणार नाही, ही हमी त्याला हवीच असते, कारण पाचशे फुटांवरचं पाणी किती टिकेल याची खात्री त्यालाही नसते. करार स्टॅम्प पेपरवर, खर्चाचा वाटा एकरी, व्हॉल्व्हची चावी एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे. चावी आणि वही एकाच हातात गेली की गट फुटतो.