मोफत बुद्धिबळ इंजिन: घरच्या संगणकावर काय बसवावं?

मंडळी, नमस्कार.

मुलगी दहा वर्षांची आहे आणि बुद्धिबळ मनापासून खेळते. इंटरनेटवर खेळायला बसली की डाव बाजूला राहतो आणि सगळं लक्ष रेटिंगकडे जातं. म्हणून इंटरनेट बंद असतानाही चालेल असं काही बसवून द्यायचं आहे. लॅपटॉप जुना, विंडोजचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळे नाव घेतात म्हणून स्टॉकफिश डाउनलोड केलं, तर उघडल्यावर नुसती काळी खिडकी आणि त्यात एक ओळ. पट कुठेच नाही! विकतचं काही घ्यावं लागेल का?

*

ताई, नमस्कार.

विकतचं काहीही घेऊ नका. तुम्ही आणलंत ते बरोबरच आहे, पण ते इंजिन आहे, म्हणजे फक्त चाली शोधणारा भाग. पट, सोंगट्या आणि घड्याळ दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. दोघांमधली देवाणघेवाण यूसीआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीने होते. ही पद्धत २००० साली आली, आणि तिच्यामुळेच आज जवळपास कोणतंही इंजिन हव्या त्या पटाला जोडता येतं.

इंजिन कोणतं, यावर डोकं शिणवू नका. स्टॉकफिश २००८ साली ग्लाउरुंग या आधीच्या मुक्त इंजिनातून निघालं आणि आजही स्वयंसेवकच ते घडवतात. २०२० मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीपासून त्यात एक छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकून पटावरची स्थिती जोखणारा भाग, आहे. ही कल्पना शोगीतून, म्हणजे जपानी बुद्धिबळातून आली. ते साध्या प्रोसेसरवर चालतं, म्हणून जुन्या लॅपटॉपवरही स्टॉकफिश कोणत्याही ग्रँडमास्टरला भारी पडतं. लीला चेस झीरोचंही नाव तुमच्या कानावर येईल. स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या गूगलच्या प्रोग्रॅमच्या वाटेने २०१८ पासून ते लोकसहभागातून वाढलं आणि त्याचा खेळ बघण्यासारखा असतो, पण त्याच्या मोठ्या नेटवर्कला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. तुमच्याकडे ते रखडेल.

पैसे मागणाऱ्या इंजिनांबद्दल एक सांगतो. स्टॉकफिशवर बेतलेलं एक इंजिन विकलं गेलं, तेव्हा परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून स्टॉकफिशच्या कर्त्यांनी २०२१ साली दावा लावला होता. २०२२ मध्ये तडजोड झाली. विकायला त्यांची ना नव्हती, मूळ काम कुणाचं हे लपवायला होती. मला त्यांचं पटतं.

तुमच्या बाबतीत खरा विचार करायचा तो मुलीसमोर खेळणार कोण याचा. स्टॉकफिशची ताकद कमी करता येते, पण कमी केलेलं स्टॉकफिश सात-आठ चाली उस्तादासारखा खेळतं आणि मग कारण नसताना घोडा फुकट देऊन टाकतं. अशा चुका माणूस करत नाही, त्यामुळे त्या पकडून मूल फारसं शिकत नाही. यासाठी मला माया हे इंजिन मनापासून आवडतं. लीचेस या मोफत बुद्धिबळ संकेतस्थळावर माणसांनी खेळलेल्या डावांवरून ते तयार केलंय, आणि इथे माणूस कोणती चाल करेल एवढंच ते ओळखतं. ११०० ते १९०० रेटिंगचे वेगवेगळे स्तर आहेत. ते पुढच्या चालींचा शोध घेत बसत नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपवरही पटकन खेळतं.

हे सगळं एकत्र हवं असेल तर लुकास चेस हा पटासकटचा प्रोग्रॅम घ्या. मोफत आहे, विंडोजवर चालतं, अगदी नवशिक्या प्रतिस्पर्ध्यांपासून माया आणि स्टॉकफिशपर्यंत सगळे त्यातच येतात. स्क्रीनवर बटणांची गर्दी आहे खरी. पहिल्यांदा तिच्याजवळ बसा.

*

दादा, खूप आभार. लुकास चेस चाललं! मायाच्या ११०० शी खेळतेय आणि लढत होतेय. आता डाव तपासताना +१.५ वगैरे आकडे दिसतात, ते कसे वाचायचे?

*

ताई, अधिक म्हणजे पांढऱ्याचं बरं, उणे म्हणजे काळ्याचं. पूर्वी १ म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी असं धरत. स्टॉकफिशच्या १५.१ आवृत्तीपासून १.०० चा अर्थ तोडीस तोड इंजिनांच्या लढतीत जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा बसवलाय. दहा वर्षांच्या मुलांच्या डावात +१.५ ची स्थिती सहज उलटते, तेव्हा त्या आकड्यावरून तिला बोलू नका.

माझा आग्रह एवढाच, की डाव संपल्यावर इंजिन लगेच लावू नका. कुठे बिघडलं असं वाटतं ते आधी तिलाच सांगू द्या, मग मल्टीपीव्ही (एका वेळी किती चाली दाखवायच्या ते सेटिंग) ३ वर ठेवून तीन पर्यायी चाली बघा. एकच सर्वोत्तम चाल दाखवली की मुलं ती नुसती पाठ करतात.

*

थोडी भर घालतो. पुढे डाव साठवायचे असतील तर स्किड व्हर्सेस पीसी हेही मोफत आहे आणि लिनक्सवरही उत्तम चालतं. अंतिम टप्प्यासाठी सिझिजीचे तक्ते मिळतात, त्यात राजांसकट पाच सोंगट्यांपर्यंतच्या स्थितींचा अचूक निकाल असतो. ते साधारण १ जीबीत मावतात, तेवढेच घ्या. सहा सोंगट्यांना १५० जीबीच्या आसपास जागा लागते, सातांना सुमारे १७ टीबी.

*

काकांचं बरोबर आहे, पण ताई, तक्ते सध्या राहू द्या. हत्ती आणि राजाने मात करणं तिला मायाविरुद्ध पटावरच जमू दे. लुकास चेसमध्ये अंतिम टप्प्याचे सराव आहेत. सापडले नाहीत तर लिहा, रविवारी स्क्रीन शेअर करून दाखवतो.